फाइल मोडली, पण सांगितले का नाही?

प्रश्न : मी डिचोली तालुक्यातली, मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. गेल्या वर्षी मे महिन्यात डावीकडची खालची दाढ ठणकायला लागली म्हणून आमच्याच वाड्यावरच्या दोतोराकडे गेले. माझ्या धाकट्या दिराचा तो वर्गमित्र. चवथीला आमच्याकडे जेवायला यायचा. त्याने तीन बैठकांत रूट कॅनल केले, वर कॅप बसवली. एकूण १०,५०० रुपये झाले, पावती साध्या चिठ्ठीवर. दुसऱ्या बैठकीत मध्येच त्याचा हात थांबला. त्याने असिस्टंट मुलीकडे पाहिले, दोघे आतल्या खोलीत जाऊन आले आणि ‘आज एवढे पुरे’ म्हणून मला घरी पाठवले. मी काही विचारले नाही.

यंदा जत्रेतले खाजे चावताना त्याच दाढेत कळ गेली. तेव्हापासून त्या बाजूने चावले की बारीक दुखते. सुनेने म्हापशाला ओळखीच्या डेंटिस्टकडे नेले. त्यांनी एक्स-रे काढून पडद्यावर पांढरी रेघ दाखवली. म्हणाले, ‘फाइल मोडून आत राहिलीय. कोणी केलं हे काम? दाढ काढा, इम्प्लांट बसवू, ४५ हजार होतील.’

आमचे हे म्हणतात, गावातला पोर आहे, वाईटपणा कशाला घ्या. मुलगा म्हणतो, गूगलवर एक स्टार दे आणि ग्राहक कोर्टात खेच. रूट कॅनलच्या आधी मी एका इंग्रजी कागदावर न वाचता सही केली होती. आता माझे काही चालणार आहे का? आणि पुढच्या आठवड्यात सात वर्षांच्या नातीची दाढ भरायची अपॉइंटमेंट त्याच्याकडेच आहे. नेऊ की नको?

उत्तर : बाई, तो थांबलेला हात मला ओळखीचा आहे. मीही याच धंद्यातला. फाइल, म्हणजे दाढेची नळी साफ करायची सुईसारखी बारीक कानस, मोडते तेव्हा आवाज येत नाही. बोटांना तेवढे जाणवते की आतली पकड अचानक सुटली. बाहेर काढून पाहावी तर फाइल तीन-चार मिलिमीटरने आखूड. पेशंट तोंड उघडे ठेवून छताकडे बघत असतो, त्याला काही कळत नाही. पुढचे अर्धे मिनिट डॉक्टरच्या परीक्षेचे असते, आणि तुम्ही लिहिले आहे तसेच घडले असेल तर तुमचा दोतोर त्या अर्ध्या मिनिटात नापास झाला. फाइल मोडण्याआधीच्या कामाबद्दल मात्र मी इतक्या घाईने बोलणार नाही.

ही फाइल काय चीज आहे ते आधी सांगतो, म्हणजे घरात चाललेला वाद जरा जमिनीवर येईल. दाढेच्या मुळात नसांची बारीक नळी असते. खालच्या दाढेत अशा नळ्या बहुधा तीन, कधी चार. पुढच्या मुळातल्या नळ्या अनेकदा चांगल्याच वाकड्या असतात. त्या साफ करण्यासाठी वापरायच्या सर्वांत बारीक फायलींचे टोक ०.०६ ते ०.१० मिलिमीटर जाडीचे. आता बहुतेक जण मशीनवर फिरणाऱ्या निकेल-टायटॅनियमच्या फायली वापरतात. वाकड्या नळीत फिरताना धातू प्रत्येक फेऱ्यात एका अंगाने ताणला जातो, दुसऱ्या अंगाने दाबला जातो. असे शेकडो फेरे झाले की तो आतून थकतो आणि वरून काही खूण न दाखवता तुटतो. चांगल्या, अनुभवी हातातही हे होते. एकच फाइल काटकसर म्हणून फार पेशंटना वापरली की जास्त होते, आणि ही काटकसर आमच्यात चालते हे मी लपवणार नाही. पण तुमच्या बाबतीत तसे झाले असे म्हणायला आपल्या हातात काही नाही.

म्हणून फाइल मोडली एवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात हेच सांगितले आहे. उपचारात काही बिघडले किंवा अपघात झाला म्हणजे डॉक्टर दोषी, असे समीकरण नाही. त्या पेशातल्या साधारण कुशल माणसाने जेवढी काळजी घेतली असती तेवढी घेतली गेली का, हे पाहायचे. त्याच निकालाने डॉक्टरवर फौजदारी करण्यापूर्वी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यायला सांगितले. तेव्हा कोणी पोलीस स्टेशनचा रस्ता दाखवला तर त्या वाटेला जाऊ नका.

न सांगण्याचे प्रकरण वेगळे. मोडलेला तुकडा आत ठेवणे हासुद्धा कित्येकदा रास्त उपचार असतो. नळी जवळपास साफ झाल्यावर, शेवटाकडे तुकडा अडकला आणि मुळाशी आधीपासून पू नव्हता, तर तो तसाच ठेवून वर गटापर्चा, म्हणजे नळी बंद करायचा रबरासारखा पदार्थ, भरतात आणि दाढ पुढे वर्षानुवर्षे चालते. सुरुवातीलाच मोडला, खाली घाण राहिली आणि मुळाशी आधीच जंतुसंसर्ग होता, तर पुढे त्रास होण्याची शक्यता बरीच. दोन्ही वेळा पेशंटला माहीत हवे, कारण अशा दाढेवर नजर ठेवावी लागते. सहा महिन्यांनी एक एक्स-रे, वर्षाने एक. तुम्हाला सांगितले असते तर नोव्हेंबरमध्ये तुम्ही एक्स-रेला गेला असता आणि काही बिघडत असेल तर खाजे चावण्याआधीच ते दिसले असते. शिवाय कॅपचे पैसे भरण्याआधी ‘हा तुकडा काढायचा प्रयत्न करणारा कोणी आहे का’ असे विचारायची संधी तुम्हाला मिळाली असती. गप्प बसून त्याने काढून घेतले ते हे.

भारतीय दंत परिषदेची २०१४ ची आचारसंहिता आहे. पेशंटच्या स्थितीचे गांभीर्य दंतवैद्याने वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, असे ती सांगते. तुमचे पत्र वाचताना मला वाटले, या एका नियमाचे दोन्ही अर्धे तुमच्या वाट्याला आले. डिचोलीत कमी करून सांगितले. आणि म्हापशात?

तिथे एका एक्स-रेवर ‘दाढ काढा’ असा निकाल लागला. मधल्या पायऱ्या गेल्या कुठे? तुकड्याच्या बाजूने वाट काढून नळी साफ करता येते. मायक्रोस्कोपखाली अल्ट्रासॉनिकच्या बारीक टोकाने तो सैल करून काढता येतो. ते जमले नाही तर मुळाच्या टोकाकडून छोटी शस्त्रक्रिया करता येते. दाढ काढणे या सगळ्याच्या शेवटी येते. इम्प्लांट चांगला उपचार आहे, पण हाडात स्क्रू बसवून तो पक्का व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात आणि त्याचीही देखभाल असते. हातची दाढ वाचत असेल तर आधी तिला वाचवायचे, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. ‘कोणी केलं हे काम?’ हा प्रश्न तर पेशंटसमोर विचारायचाच नव्हता. ज्याने ते काम करताना पाहिले नाही, त्याने एका फोटोवरून दुसऱ्याचे हात मोजू नयेत. जे दिसते ते स्पष्ट सांगावे, लिहून द्यावे, इतके पुरे.

आणखी एक गोष्ट तुमच्या मुलाला नक्की सांगा. एक्स-रेतली पांढरी रेघ म्हणजे फाइलच, असे अजून ठरलेले नाही. नळीत भरायचा गटापर्चाही एक्स-रेत पांढराच दिसतो. धातूचा तुकडा त्याहून लख्ख, धारदार कडांचा, कधी पिळाच्या खुणा असलेला दिसतो. बहुधा फरक कळतो, पण एकाच कोनातून काढलेल्या एक्स-रेत माणूस फसू शकतो. आणि तुकडा असला तरी दुखणे त्याचेच असेल असेही नाही. कॅप किंचित उंच बसली असेल, मुळाला चीर गेली असेल, चौथी नळी सापडलीच नसेल. खाजे चावताना कळ गेली म्हणता, त्यावरून चिरेची शंका मला आधी येते.

तेव्हा पहिले काम कागद गोळा करण्याचे. पहिल्या दोतोराकडे केस पेपर असणार, आणि उपचाराआधी, मध्ये आणि शेवटी काढलेले एक्स-रे. आजकाल बहुतेक ठिकाणी ते आरव्हीजीवर, डिजिटल यंत्रावर, काढतात, म्हणजे कॉम्प्युटरात पडून असतात, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला दोन मिनिटे लागत नाहीत. मूळ प्रतच मागा, मोबाइलने पडद्याचा काढलेला फोटो चालवून घेऊ नका. ही नोंद उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षे जपणे त्या आचारसंहितेप्रमाणे दंतवैद्याला बंधनकारक आहे. तुमचे काम गेल्या मे महिन्यातले, म्हणजे ‘जुने झाले, उडवून टाकले’ हे उत्तर चालत नाही. एमबीबीएस डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांत पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायला सांगितले आहे. तोच हिशेब धरून तीन दिवसांनी विचारायला जा. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही आपल्या नोंदी मिळण्याचा आणि दुसरे मत घेण्याचा हक्क आहे.

अर्जाला वकील लागत नाही. शाळेत रजेचा अर्ज लिहायचा तसा लिहा :

‘गेल्या वर्षी मे महिन्यात आपण माझ्या डावीकडच्या खालच्या दाढेवर रूट कॅनल केले. त्या दाढेवर पुढचा सल्ला घ्यायचा असल्याने माझा केस पेपर, सर्व एक्स-रे, मी सही केलेल्या संमतिपत्राची प्रत आणि आपला नोंदणी क्रमांक असलेले बिल द्यावे.’

दोन प्रती करा, एकीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्या. फाइलचा उल्लेख अर्जात नको. बिल मागायला संकोचू नका. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणे आणि तो पावतीवर छापणे हा नियमच आहे. चिठ्ठीवर आकडा लिहून देणे ही आपल्याकडची सवय, आणि ती घरच्या माणसांच्या बाबतीतच जास्त.

अर्ज देताना विचारा. एकट्याच जा, मुलाला नेऊ नका, सुनेलाही नको. म्हापशाचे नाव काढू नका. बसल्यावर फक्त एवढे म्हणा : ‘एक्स-रेत धातूचा तुकडा दिसतो म्हणतात. त्या दुसऱ्या बैठकीत फाइल मोडली होती का रे?’ आणि मग गप्प राहा. चाळीस पोरांसमोर गप्प उभे राहून खरे बाहेर काढण्याची कला तुम्हाला मी सांगायला नको.

तो हो म्हणाला तर पुढचा प्रश्न : सुरुवातीला मोडली की साफसफाई झाल्यावर? या उत्तरावर दाढेचे भवितव्य ठरते आणि ते त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. त्याने कोणा एंडोडॉन्टिस्टकडे, म्हणजे रूट कॅनलच्या तज्ज्ञाकडे, चिठ्ठी देऊन पाठवावे आणि तो खर्च निदान वाटून घ्यावा, अशी अपेक्षा मी तुमच्या जागी ठेवली असती. तसा लेखी नियम मी दाखवू शकणार नाही, पण सभ्य दंतवैद्य हे करतात. पैसे परत देऊ लागला तर घ्या. त्याबरोबर एखाद्या कागदावर सही मागितली तर तो कागद मात्र घरी आणून वाचा, मग ठरवा.

तो नाही म्हणाला, चिडला किंवा कागद दिले नाहीत, तरी तिथे वाद घालू नका. पोच घेऊन निघा.

यानंतर बांबोळीला जा. गोवा दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत सकाळी लवकर पोचा, रांग असते. दात वाचवणारा विभाग वेगळा आहे, तिथे पाठवायला सांगा. जुने आणि नवे दोन्ही एक्स-रे बरोबर ठेवा. आधी शिकाऊ डॉक्टर तपासतील, ते तपशीलवार तपासतात, कंटाळू नका. मात्र निर्णय शिक्षकांकडून घ्या आणि तो केस पेपरवर लिहून घ्या : तुकडा आहे की नाही, कुठे आहे, दुखण्याचे कारण काय वाटते, पर्याय कोणते. तुम्हाला कोणाविरुद्ध प्रमाणपत्र हवे आहे असे म्हणू नका. तसे म्हटले की माणसे लिहायला बिचकतात. गोव्यातले निम्मे दंतवैद्य याच कॉलेजातून बाहेर पडलेले असावेत असा माझा अंदाज, सगळे एकमेकांना ओळखतात. दाढेची अवस्था काय आहे एवढे विचारलेत तर खरे तेच लिहून मिळेल.

आता त्या इंग्रजी कागदाचे. त्या सहीने तुमचे हात बांधले गेलेले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली यांच्या खटल्यात संमतीचा अर्थ नीट सांगितला. उपचार काय, धोके काय, दुसरे पर्याय काय, याची पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमती ती खरी संमती. ‘फाइल मोडू शकते’ असे त्या कागदावर बारीक अक्षरांत असेलही. तेवढ्याने फाइल मोडल्यावर गप्प राहायची परवानगी मिळत नाही. पुढच्या वेळी मात्र कागद मराठीत किंवा कोंकणीत समजावून घ्या. शिक्षिकेने न वाचता सही केली, हे वाचून मला हसू आले हे खरे. माझ्या खुर्चीत वकीलसुद्धा न वाचताच सही करतात.

तक्रारीची दारे दोन, आणि तुमचा मुलगा त्यांतले एकच पाहतो आहे. गोवा राज्य दंत परिषद वर्तनाची चौकशी करते. ताकीद देऊ शकते, गंभीर प्रकरणात नोंदणीवर कारवाई करू शकते. तिथे नुकसानभरपाई मिळत नाही. २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा झाला, त्यातही दंतवैद्याच्या वर्तनाच्या तक्रारींचे पहिले ठिकाण राज्य पातळीवरचेच आहे. भरपाई हवी तर जिल्हा ग्राहक आयोग. पैसे देऊन घेतलेले उपचार ही सेवा आहे, हे १९९५ च्या शांता खटल्यापासून पक्के आहे. तुमच्यासारख्या रकमेला तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. ती दुखणे कळल्यापासून मोजावी असा युक्तिवाद करता येईल, पण त्यावर विसंबू नका, गेल्या मे महिन्यापासूनच मोजा. माझा सल्ला विचाराल तर आज यांपैकी कुठेच जाऊ नका. बांबोळीचे मत हाती आल्यावर, आणि दोतोराने तोंड उघडले नाही तर, आधी परिषदेकडे जा. न सांगण्याची तक्रार तिथलीच आहे. फाइल मोडल्याबद्दल भरपाई मागणारी केस मला कमकुवत वाटते. दाढ गेली आणि ती वेळीच कळले असते तर वाचली असती असे तज्ज्ञाने लिहून दिले, तर ग्राहक आयोगाचा विचार जरूर करा.

गूगलवरचा एक स्टार तर नकोच. आज तुमच्याकडे त्या आरोपाचा पुरावा म्हणजे म्हापशाच्या दवाखान्यातले तोंडी बोलणे, बस्स. उद्या ती रेघ गटापर्चाची निघाली तर माफी मागायची पाळी तुमच्यावर येईल.

तुमच्या यजमानांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. वाड्यावर राहायचे, देवळात, लग्नात रोज तोंड दाखवायचे, हे सोपे नाही. पण एक पाहा. बाहेरचा पेशंट असता तर तुमचा दोतोर कदाचित बोललाही असता. घरच्या बाईंसमोर, ज्यांच्या पानावर तो जेवला त्यांच्यासमोर, ‘हातून मोडली’ म्हणायला जीभ रेटली नसावी. आणि तुम्हीही, हात थांबलेला दिसूनसुद्धा, घरचाच म्हणून विचारले नाही. ओळखीने दोघांचीही तोंडे बंद केली. आता विचारल्याने वाईटपणा येईल असे यजमानांना वाटते. पण तुम्ही न विचारताच डॉक्टर बदललात आणि तो वर्षभर तुमच्या अंगणासमोरून मान खाली घालून जाऊ लागला तर जो वाईटपणा येईल, तो त्यांनी हिशेबात धरलेला दिसत नाही.

राहिली नात. सात वर्षांच्या मुलीची दाढ भरायची, सूज नाही, रात्री दुखून उठत नाही, असे असेल तर आठ-दहा दिवसांनी काही बिघडणार नाही. अपॉइंटमेंट पुढची घ्या आणि तोवर तुमचा प्रश्न विचारून या. हो म्हणाला, काय झाले ते सांगितले, कागद दिले, तर मी माझी नातही त्याच्याकडे नेईन. नाही तर बांबोळीला मुलांचा विभाग त्याच इमारतीत आहे, तुमच्या खेपेबरोबर तिचीही होईल. सूज आली किंवा ताप आला तर मात्र यातले काहीही मनात न आणता, जो जवळचा दंतवैद्य असेल त्याच्याकडे त्याच दिवशी न्या.